सल्ला बदलला, हे सांगायचे कोणी?

माझ्या कपाटात पुठ्ठ्याच्या दोन फायली आहेत. एक थोरल्या मुलीची, २००९ सालची. दुसरी धाकट्या मुलाची, २०१९ सालची. दोघांचा जन्म एकाच गावातला, आणि बाळाला काय खायला घालावे याचा कागद लिहून देणारे बालरोगतज्ज्ञही एकच. पहिल्या कागदावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले आहे की अंडे आणि शेंगदाणे वर्षभर देऊ नयेत. दुसऱ्या कागदावर त्याच हस्ताक्षरात लिहिले आहे की सातव्या महिन्यापासून उकडलेले अंडे आणि पेजेत घोटून दाण्याचे बारीक कूट द्यावे. मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "डॉक्टर, मधल्या काळात असं काय झालं?" बाहेर वीस-पंचवीस माणसे ताटकळत बसली होती. ते म्हणाले, "आता असंच सांगतात."

ते डॉक्टर मनापासून काम करणारे आहेत, आणि त्यांचे दोन्ही कागद आपापल्या काळातल्या रूढ सल्ल्याला धरून होते. तरीही ते तीन शब्द मला अपुरे वाटले आणि आजही वाटतात. ज्या घरात मागच्या बाळाच्या वेळी एक नियम कसोशीने पाळला गेला, त्या घराला पुढच्या बाळाच्या वेळी नेमका उलटा नियम मिळतो, तेव्हा जुना का सोडला आणि नवा कशाच्या आधारावर आला हे कळण्याचा त्या घराला हक्क आहे. सल्ला देणाऱ्या यंत्रणेचे हे कर्तव्य आहे, आणि सरकारी असो वा खासगी, आपली यंत्रणा ते पार पाडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

दाण्याच्या कुटाची हकिगत सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत २००० साली तिथल्या तज्ज्ञांनी असा सल्ला दिला की ज्या कुटुंबात ॲलर्जीचा इतिहास आहे, तिथे मुलांना पहिली तीन वर्षे शेंगदाणे देऊ नयेत. अंड्यासाठी अमेरिकेने दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती. त्यामागचा तर्क सरळ होता: जो पदार्थ बाधतो, तो कोवळ्या पोटात जाऊच द्यायचा नाही. पण त्या काळातही या तर्काला भक्कम प्रयोगांचा आधार नव्हता, आणि अमेरिकेने २००८ मध्ये हा सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांना दिसले की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या जवळजवळ दहापट आहे, आणि इस्राएलमध्ये तर मुले दात येण्याआधीपासून शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चोखत असतात. मग ६४० बाळांवर प्रयोग झाला आणि २०१५ साली त्याचा निष्कर्ष आला: ज्यांना आधीच ॲलर्जीचा मोठा धोका होता, अशा बाळांना लहानपणीच शेंगदाणे देत राहिल्यास पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी राहते. म्हणजे संरक्षण म्हणून सांगितलेली गोष्टच उपद्रव वाढवत होती.

आपल्याकडे साबुदाण्याच्या खिचडीपासून काकडीच्या कोशिंबिरीपर्यंत सगळ्यांत कूट असते, आणि या ॲलर्जीचे प्रमाण पाश्चात्त्य देशांइतके आढळत नाही. मुळात हा निषेध आपला नव्हताच. तो तिकडून आला आणि तिकडूनच मागे घेतला गेला. पण २००९ सालच्या माझ्या घरात तो वर्षभर इतक्या काटेकोरपणे पाळला गेला की नातीच्या ताटलीतले थालीपीठ कुटाचे आहे का, हे माझ्या सासूबाई तीनतीनदा विचारून घेत. हे एवढे लिहायला मला एक परिच्छेद लागला. सांगायला तीन मिनिटे लागली असती.

सासूबाईंचा उल्लेख आला आहे, तर त्यांचा अनुभवही इथेच सांगते, कारण या प्रश्नाचे खरे मूळ मला त्यांच्याकडून कळले. त्यांचे पहिले बाळंतपण १९८२ सालचे, शहरातल्या मोठ्या इस्पितळातले, आणि त्या काळात त्यांच्या माहेरी त्याचे केवढे अप्रूप होते. तिथल्या सिस्टरांनी त्यांना शिकवले की बाळाला घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजावे, बेंबीला दोन वेळा स्पिरिटचा बोळा लावावा, मधल्या वेळात उकळून गार केलेले पाणी द्यावे आणि चौथा महिना लागला की भाताची पेज आणि वरणाचे पाणी सुरू करावे. त्यांनी ते सगळे अक्षरशः पाळले. २००९ मध्ये मी घरी आले ती वेगळी शिकवण घेऊन: बाळ मागेल तेव्हा पाजायचे, बेंबीला काही लावायचे नाही, सहा महिने पाण्याचा थेंबही नाही. एप्रिल महिना होता. "अगं, आपल्याला घोटभर पाण्यावाचून जीव नकोसा होतो, आणि त्या एवढ्याशा जिवाला पाणी नाही?" असे त्या काकुळतीने विचारत होत्या, आणि मी मनातल्या मनात त्यांना जुन्या वळणाची बाई ठरवून मोकळी झाले होते.

दहा वर्षांनी दुसऱ्या बाळाच्या वेळी माझ्या लक्षात आले की त्या परंपरा सांगत नव्हत्याच. त्या १९८२ सालचे इस्पितळ सांगत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही २००१ पर्यंत चार ते सहा महिने निव्वळ आईचे दूध अशीच होती. 'पूर्ण सहा महिने' हे त्या वर्षी ठरले. आपल्या घरांत आजीचे म्हणून जे बाजूला सारले जाते, त्यातले बरेचसे मागच्या पिढीतल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनीच तिच्या हातात दिलेले असते. ते देताना सगळी सत्ता वापरली गेली, पण परत घ्यायला मात्र कोणी आले नाही. ते काम बाळंतीण सुनेवर पडते, टाक्यांच्या आणि जागरणाच्या दिवसांत पडते, आणि मग ज्याला आपण सासू-सुनेचे भांडण म्हणतो ते खरे तर दोन वेगवेगळ्या सालांच्या वैद्यकशास्त्राचे भांडण असते.

गंमत म्हणजे आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्याच्या आसपासच करण्याची चाल आहे. यावरून परंपरेला सगळे आधीच ठाऊक होते, असे मात्र मला म्हणायचे नाही, कारण त्याच परंपरेत पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकून देण्याची आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट ठेवण्याचीही चाल आहे. मधातून येणाऱ्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा लुळेपणा येऊ शकतो, हे वैद्यकाला १९७६ नंतर उमगले. एक वर्षाच्या आत मध नको, हा नियम त्यातून आला. सहाणेवर बाळहरडा, मुरडशेंग, जायफळ, वेखंड यांचे वळसे उगाळून ते मधात कालवणाऱ्या आजीला हे कारण सांगितले, तर ती निदान मध तरी सोडते, असा माझा अनुभव आहे. नुसते 'गुटी बंद' म्हटले की ती तुमच्या पाठीमागे देते.

पण नव्या सल्ल्याला सर्वांत मोठा अडथळा आजीचा नसतो. तो पहिल्या बाळाचा असतो. "थोरलीला तसंच केलं होतं, तिला काय झालं?" या प्रश्नाला उत्तर द्यायला भल्याभल्यांना अवघड जाते, म्हणून तो नीट तपासला पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला रूढ होता. उलटी झाली तर ती घशात अडकू नये, ही त्यामागची भीती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंड, नेदरलँड्स, ब्रिटन अशा देशांतून पुढे आले की पाळण्यात अचानक मृत्यू पावणाऱ्या बाळांमध्ये पालथ्या झोपणाऱ्यांचे प्रमाण फार जास्त आहे. ब्रिटनने १९९१ च्या डिसेंबरात मोहीम काढली, अमेरिकेने १९९२ मध्ये शिफारस बदलली आणि १९९४ मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी देशव्यापी मोहीम सुरू केली. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पुढे २००५ साली काही संशोधकांनी जुनी सगळी आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा दिसले की पालथे झोपवण्यातला धोका १९७० सालीच ओळखता आला असता. तो तेव्हाच ओळखला गेला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

आता त्या काळातल्या एखाद्या आईच्या जागी उभे राहून पाहावे. हा धोका हजारात दोन-तीन बाळांना गाठत होता. म्हणजे हजार घरांपैकी नऊशे सत्त्याण्णव घरांचा प्रामाणिक, डोळ्यांनी पाहिलेला अनुभव हाच होता की पालथे झोपवून काही होत नाही, उलट बाळ शांत झोपते. एका घरात दोन मुले वाढतात, फार तर चार. हजारात दोन-तीनदा घडणारी गोष्ट तेवढ्या मुलांत दिसूच शकत नाही. ती दिसायला हजारो घरांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. म्हणून थोरलीला काही झाले नाही हे जितके खरे, तितकेच तो धाकट्याच्या बाबतीतला पुरावा नाही हेही खरे. हे कोणत्याही आईला समजते, फक्त तिला ते कोणीतरी समोर बसून, तिच्या थोरलीच्या अनुभवाला खोटे न ठरवता सांगायला हवे. सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा नाशिकहून अमेरिकेला जाणाऱ्या आज्यांना तिथल्या इस्पितळात बाळाच्या झोपेची जी कडक शिस्त दिसते आणि जी त्यांना निष्ठुर वाटते, तिच्यामागे ही सगळी बाळे आहेत. ते कळले की सुनेशी बोलण्याचा सूरच बदलतो.

कारण सांगण्याची गरज आणखी एका गोष्टीसाठी आहे: एकाच प्रश्नाची दोन ठिकाणी दोन उत्तरे बरोबर असू शकतात. बेंबीचेच घ्या. दवाखान्यात स्वच्छ बाळंतपण झाले असेल तर नाळ कोरडी ठेवावी, तिला तेल, हळद, राख, पावडर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नये, असे आज सांगतात, आणि ते योग्य आहे. पण नेपाळमध्ये घरी होणाऱ्या बाळंतपणांत नाळेला मोहरीचे तेल लावण्याची रीत होती. तिथे क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लावल्याने बाळांचे मृत्यू कमी झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आणि तिथल्या सरकारने ते 'नाभी मलम' म्हणून घरोघर पोहोचवले. काही वर्षांनी झांबिया आणि टांझानियातल्या मोठ्या चाचण्यांत मात्र त्याचा तसा फायदा दिसला नाही. जिला नुसता नियम पाठ आहे ती या तीन बातम्यांनी गोंधळून जाईल, आणि नाळेवाटे जंतू रक्तात जातात एवढे मूळ कारण जिला माहीत आहे तिला या तिन्हींची संगती लागेल.

यावर डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, वीस बाळंतिणींच्या वॉर्डात कारणमीमांसा सांगत बसायला वेळ नसतो. शिवाय 'आमचे आधीचे म्हणणे चुकले' असे उघड म्हटले की लोकांचा विश्वास उडतो आणि मग ते लसीलाही नाही म्हणतात. साधा, ठाम आदेशच कमी शिकलेल्या माणसांना उपयोगी पडतो.

वेळेचा मुद्दा खरा आहे. कमी शिकलेल्या माणसांबद्दलचा मुद्दा मात्र आपल्याच राज्यात खोटा ठरला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळ गार का पडते, श्वास कसा मोजायचा, कोणती लक्षणे जुळून आली की जंतुसंसर्ग समजायचा, हे सगळे त्या शिकल्या, आणि लागेल तिथे इंजेक्शनही देऊ लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. या कामाच्या पायावरच २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. या बायकांना नुसते आदेश दिले असते, तर रात्री दोन वाजता झोपडीत एकटीने निर्णय घेणे त्यांना जमले नसते.

विश्वासाचा मुद्दाही मला उलटा वाटतो. लोकांना बदल दिसतोच. दोन फायली अनेकांच्या घरी असतात. कारण सांगितले नाही तर ते स्वतःच कारण शोधतात, आणि जे हाती लागते ते साधारणपणे असे असते: डॉक्टर दर पाच वर्षांनी काहीतरी वेगळे सांगतात, तेव्हा आपल्याला पटेल ते करावे. हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांतून ऐकले आहे आणि ते मला फार धोक्याचे वाटते, कारण ते खरे नाही. आईचे दूध, ऊब, स्वच्छ हात, वेळच्या वेळी लस, आणि बाळ दूध ओढेनासे झाले किंवा मलूल पडले की तातडीने दवाखाना, या गोष्टी १९८२, २००९ आणि २०१९ या तिन्ही वेळा तशाच्या तशा होत्या. लसींच्या कार्डावर रकाने वाढले, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोनियाची लस अशा नव्या नावांची भर पडली, पण त्यामागचा विचार तोच राहिला. गाभा स्थिर आहे आणि कडा बदलतात. कोणता सल्ला गाभ्यातला आणि कोणता कडेचा, हे स्वतःहून सांगितले तरच लोक लसीला दाण्याच्या कुटाच्या रांगेत बसवणार नाहीत.

शिवाय बदल म्हणजे नेहमी चुकीची कबुलीच असते असेही नाही. कधीकधी तो अभिमानाने सांगण्यासारखा असतो. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, आणि बाळ आधी स्थिर होऊ द्यावे, मग आईकडे द्यावे, असा तिचा नियम वर्षानुवर्षे होता. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, दिसले की जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता छातीशी दिलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. आपल्या आयांच्या छातीवरच्या उबेने जगाचा सल्ला बदलला, ही गोष्ट आपल्या किती प्रसूतिगृहांच्या भिंतीवर लिहिलेली आहे?

उलट, ज्या संस्थांकडून बदल पोहोचायचा त्याच मागे राहतात, याचा पुरावा सरकारी पाहणीतच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून ४१.८ एवढेच झाले. दहातली जवळजवळ नऊ बाळे दवाखान्यात जन्मतात आणि निम्म्यांहून अधिकांना पहिला तास आईच्या दुधाविना काढावा लागतो, तेव्हा याचा दोष घरातल्या आजीवर टाकता येणार नाही.

या सगळ्यात जिला कोणीच काही सांगत नाही ती म्हणजे दुसरटकर बाळंतीण. माझ्या दुसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या पहिलटकरणीला सिस्टरने अर्धा तास बसून बाळाला पाजायला कसे धरायचे ते दाखवले. माझ्यापाशी आली, कागद चाळला आणि म्हणाली, "तुमचं काय, तुम्हाला सगळं माहीतच आहे." मला माहीत होते ते दहा वर्षांपूर्वीचे. नाळ लगेच न कापता किमान मिनिटभर थांबतात, पहिली आंघोळ चोवीस तास पुढे ढकलतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले म्हणून कळले. आदल्या वेळी मुलीला जन्मल्या जन्मल्या धुऊन, पुसून, पावडर लावून माझ्या हाती दिले होते आणि ती कुंचीतही थंडगार लागली होती, हे मला त्या दिवशी आठवले. सगळ्यात जुनी माहिती आणि सगळ्यात जास्त आत्मविश्वास जिच्याजवळ असतो, तिलाच आपण समुपदेशनातून वगळतो.

म्हणून माझी मागणी खर्चाची नाही. घरी सोडताना जो सल्ल्याचा कागद देतात, त्यावर तो कोणत्या साली ठरला ते साल असावे, आणि जे आधी सांगितले जात होते पण आता सांगितले जात नाही, त्याच्या चार ओळी कारणासह असाव्यात. सरकारच्या माता आणि बाल संरक्षण कार्डात अशा एका पानाला जागा नक्की होईल. तो कागद वाचून दाखवताना आजीला वॉर्डाबाहेर न थांबवता आत बोलवावे, आणि तेलाने अंग चोळणे, पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, अंगाई म्हणणे हे तिचे काम कायम आहे, फक्त नाका-कानात तेल सोडू नये आणि टाळू चेपू नये, असे तिला आदराने सांगावे. तिच्या हातून सगळेच काढून घेतले तर ती ऐकणार नाही, आणि तिने का ऐकावे?

आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत. प्रत्येक भेटीत त्या वजन, ताप, बेंबी, दूध ओढणे यांची नोंद करतात. त्यांच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न वाढवावा असे मला वाटते: या घरात याआधीचे बाळ कोणत्या साली झाले, आणि तेव्हा तुम्हाला काय काय सांगितले होते? २०१९ साली हा प्रश्न घेऊन कोणी आमच्या ओसरीवर बसले असते, तर सासूबाई चहा टाकायला सांगून सगळ्यांत आधी, १९८२ पासून सुरुवात करून, बोलल्या असत्या.